मासा रचताना

पाचवी-सहावीच्या मुलांना शाळेतून अधूनमधून एक गृहपाठ मिळतो. समुद्रात राहणारा एक काल्पनिक मासा तयार करावा, त्याचे चित्र काढावे आणि तो तेथे कसा जगतो हे दहा-पंधरा ओळींत लिहावे. मालवण किंवा हर्णैच्या मुलाला यात अवघड काही नाही. सातारा-सांगलीच्या मुलाला मात्र समुद्र भेटतो तो घाट उतरून केलेल्या सहलीत, आणि तोही किनाऱ्यापुरता. त्यातून मूल जैन व्यापारी घरातील असेल तर मासा त्याच्या स्वयंपाकघरात किंवा बाजाराच्या पिशवीत कधी आलेलाच नसतो.

तरीही हा जीव त्या घराला अनोळखी नाही. दिगंबर परंपरेत अठरावे तीर्थंकर अरनाथ यांचे लांछन मासा आहे. तीर्थंकरांच्या मातेला पडलेल्या सोळा स्वप्नांत जलक्रीडा करणारे मीनयुगल आहे. श्वेतांबर मंदिरांतील अष्टमंगलात माशांची जोडी कोरलेली असते. पाठशाळेत शिकलेल्या मुलाला मासा हा पंचेंद्रिय तिर्यंच, त्यातही जलचर, हे पाठ असते. मत्स्य, कच्छप, ग्राह, मकर आणि शिशुमार ही जलचरांची पाच नावेही अनेकांना सांगता येतात. म्हणजे मासा या घरात येतो तो पूजेतून आणि पाठांतरातून. जिभेच्या चवीतून त्याची ओळख झालेली नसल्यामुळे हा गृहपाठ करताना या मुलांना एक लाभ होतो. मासा म्हणताच त्यांना खाण्याचा पदार्थ आठवत नाही, जगणारा जीव आठवतो.

मात्र चित्र काढायला बसले की बहुतेक मुलांचा हात आधी शस्त्रांकडे वळतो. करवतीसारखे दात, पाठीवर भाले, शेपटीतून वीज. घरातील मोठी माणसेही कौतुकाने आणखी एक शिंग सुचवतात. ही सुरुवात उलट्या टोकाकडून झाली. दुकान कोणत्या पेठेत आहे हे ठरल्याशिवाय त्यात माल कोणता भरायचा ते ठरत नाही. सांगलीच्या गणपती पेठेत जे खपते ते साताऱ्याच्या मोती चौकात खपेलच असे नाही. माशाचेही तसेच आहे. आधी त्याचे पाणी ठरवावे लागते. किती खोल, किती खारट, किती थंड, उजेड किती, प्राणवायू किती. शरीर त्यानंतर.

समुद्राकडे जाण्यापूर्वी या गोष्टीचा पुरावा घरच्या नदीत पाहता येतो. कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरी सुमारे १३०० मीटर उंचीवर उगम पावते आणि सांगलीला पोहोचेपर्यंत साडेपाचशे मीटरपर्यंत उतरते. सातारा जिल्ह्यातील तिचे आणि तिच्या उपनद्यांचे वरचे पाणी खडकांवरून धावणारे, थंड आणि फेसाळ. सांगलीजवळ तीच नदी रुंद, संथ आणि गाळाची होते. नदी एक, पण राहण्याच्या जागा दोन, आणि त्यामुळे शरीरेही दोन. वरच्या वेगवान पाण्यात मळ्या नावाचा लहानसा मासा आढळतो. त्याच्या खालच्या ओठामागे एक चकती असते. तिच्या आधारे तो खडकाला चिकटून राहतो आणि पाण्याचा लोंढा त्याच्यावरून निघून जातो. संथ पाण्यातील मरळ हा दुसऱ्या टोकाचा. उन्हाळ्यात डबक्याचे पाणी तापते, कुजते, त्यातील प्राणवायू घटतो. तेव्हा मरळ पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतो, कारण त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर हवेवर चालणारी श्वसनाची वेगळी जागा असते. मळ्याला डबक्यात आणि मरळाला धबधब्यात सोडले तर दोघांचेही हाल होतील. दोघांपैकी श्रेष्ठ कोण, हा प्रश्नच येथे गैरलागू आहे.

मळ्या हे नाव केवळ खेड्यापाड्यातील नाही. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या नद्यांतील माशांचे वर्णन १८३९ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांनी अनेक माशांना येथील लोकांच्या तोंडची नावेच दिली. ‘गारा मुल्या’ हे शास्त्रीय नाव त्यातूनच आले. दख्खनच्या महाशीर माशाचे ‘टोर खुद्री’ हे नावही त्यांचेच. नदीकाठच्या ज्या माणसांनी हे मासे रोज पाहिले त्यांची नावे कोठे नोंदली गेली नाहीत. त्यांचे शब्द मात्र जगभरच्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत राहिले.

कृष्णेच्या खोऱ्यात आणखी एक जीव आहे, जो थेट समुद्राशी नाते ठेवतो. सापासारख्या लांब देहाचा अहीर. त्याचे वाढीचे आयुष्य गोड्या पाण्यात जाते, पण प्रजननासाठी त्याला समुद्र गाठावा लागतो. तेथे जन्मलेली काचेसारखी पारदर्शक पिल्ले पुन्हा नद्यांच्या मुखाशी येतात आणि प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. कृष्णा पूर्वेकडे सुमारे १४०० किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. त्या वाटेवर आज अलमट्टी, नारायणपूर, जुराला, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशी एकामागून एक धरणे उभी आहेत. सांगलीकर अलमट्टीचे नाव घेतो ते पुराच्या काळजीने. अहिराच्या बाजूने त्या भिंतीकडे पाहण्याचे कारण सहसा कोणाला पडत नाही.

आता समुद्राकडे. समजा सांगलीतील एका मुलीने आपल्या माशासाठी जागा निवडली ती अरबी समुद्रात, पृष्ठभागापासून ५०० मीटर खाली. प्रश्न कोणते विचारायचे हे तिला वेगळे शिकवावे लागणार नाही. जीवाच्या सहा पर्याप्ती तिला पाठ आहेत: आहार, शरीर, इंद्रिय, श्वासोच्छ्वास, भाषा आणि मन. शास्त्रातील पर्याप्तीचा अर्थ अर्थातच अधिक सूक्ष्म आहे. तो नव्या जन्माच्या आरंभी जीवाला प्राप्त होणाऱ्या शक्तींचा आहे. पण प्रश्नांचा क्रम म्हणून पाहिले तर मासा रचणाऱ्याला याहून चांगली यादी मिळणे कठीण. फक्त सुरुवात शरीरापासून करावी लागते, कारण समुद्र पहिला घाला शरीरावरच घालतो.

कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवले की थोड्या वेळात त्यांना पाणी सुटते, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. समुद्रातील मासा जन्मभर अशाच बरणीत असतो. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बहुतेक माशांच्या रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश. त्यामुळे त्यांच्या अंगातील पाणी कल्ल्यांवाटे सतत बाहेर ओढले जाते. चोहोबाजूंना पाणी असताना मासा तहानेने वाळण्याच्या बेतात असतो. यावर त्याचा उपाय असा की तो समुद्राचेच पाणी पितो आणि आत आलेले जास्तीचे मीठ कल्ल्यांतील विशेष पेशींमधून बाहेर टाकतो. या कामाला शक्ती लागते आणि ती रोज लागते. कृष्णेतील माशाचा हिशेब याच्या नेमका उलट. तासगावचा बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, तसे नदीचे पाणी त्याच्या अंगात शिरत राहते. म्हणून तो पाणी जवळजवळ पीतच नाही आणि पातळ मूत्रावाटे ते सारखे बाहेर काढतो. एकाच्या वहीत पाणी खर्चाच्या बाजूला, दुसऱ्याच्या वहीत जमेच्या. अहीर या दोन्ही वह्या एकाच आयुष्यात सांभाळतो, ही गोष्ट लक्षात घेतली की त्याच्याबद्दलचा आदर वाढतो.

मिठाचा हिशेब जुळला की श्वासाचा. हा फार कठीण आहे. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. समुद्राच्या पृष्ठभागाजवळच्या एक लिटर पाण्यात जेमतेम पाच. माशाचे कल्ले म्हणूनच अत्यंत काटकसरी असतात. पाणी ज्या दिशेने वाहते त्याच्या उलट दिशेने त्यांच्यातील रक्त वाहते, आणि या उलट्या मांडणीमुळे काही मासे पाण्यातील ऐंशी टक्क्यांपर्यंत प्राणवायू काढून घेतात. माणसाचे फुप्फुस हवेतील प्राणवायूचा साधारण चौथा हिस्साच घेते. पण आपल्या मुलीने निवडलेल्या जागी हे कसबही अपुरे पडते. अरबी समुद्रात साधारण १५०-२०० मीटरपासून १००० मीटरच्या खालपर्यंत प्राणवायू नावापुरताच उरलेला एक पट्टा आहे. अशा प्रकारच्या जगातील सर्वांत मोठ्या पट्ट्यांत त्याची गणना होते. तेथील प्राणवायू पृष्ठभागाच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी. कारण असे की मोसमी वाऱ्यांमुळे खालचे पोषक पाणी वर येते, पृष्ठभागावर सूक्ष्म वनस्पतींची भरभराट होते, त्या मरून खाली बसू लागतात, आणि त्यांचे कुजणे खोल पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकते. ताजे पाणी तेथे सावकाश पोहोचते, म्हणून तूट भरून निघत नाही. कुजणे प्राणवायू खाते, हे वाक्य पुढे पुन्हा लागणार आहे.

अशा जागी कोणी राहायला का जाईल? सांगलीच्या हळद व्यापाऱ्यांना याचे उत्तर सर्वांत आधी सुचावे. हरिपूरच्या जमिनीतील पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे आणि तिला कीड लागत नसे. पेव बंद केले की आतील प्राणवायू संपतो, आणि जेथे श्वास नाही तेथे कीड जगत नाही. पेव उघडल्यावर माणसानेही लगेच आत उतरायचे नसते. काही वेळ जाऊ द्यावा लागतो. २००५ च्या महापुराने त्यांतील बहुसंख्य पेवे निकामी केली, पण ती कोणत्या तत्त्वावर चालत हे जुन्या पेढ्यांना नीट ठाऊक आहे. अरबी समुद्रातील तो पट्टा म्हणजे एक अफाट पेव. मोठे, वेगवान, भरपूर प्राणवायू लागणारे शिकारी मासे तेथे फार काळ थांबू शकत नाहीत. ज्याचा श्वास थोडक्यात भागतो त्याच्यासाठी तीच जागा अभयस्थान होते. मुलीने आपल्या माशाचे नाव पेवमासा ठेवले, तर ते अगदी योग्य होईल.

पण अभय मिळाले तरी अन्न मिळत नाही. पेवात अंधार आहे आणि अंधारात काही उगवत नाही. अन्न वर, पृष्ठभागाजवळ; आणि वर दिवसा शिकारी. तेव्हा पेवमाशाने दिवसभर खाली निश्चल राहावे, सूर्य मावळला की वर चढावे, रात्रभर सूक्ष्म जीव खाऊन उजाडण्यापूर्वी परत यावे. आणि येथे आजोबांना हसू आवरणार नाही. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही न घेणाऱ्या घरात तयार झालेला हा मासा नेमका रात्रीच जेवतो. मुलीला तो बदलण्याचा मोह होईल. तिने बदलू नये. हे त्याचे व्रत किंवा व्रतभंग नव्हे. त्याचे पाणीच तसे आहे.

पाच सेंटिमीटर लांबीचा पेवमासा ४०० मीटर वर चढतो म्हणजे स्वतःच्या देहाच्या आठ हजार पट अंतर कापतो. साडेपाच फूट उंचीच्या माणसाने रोज सायंकाळी तेरा किलोमीटरांहून अधिक चालत जेवायला जावे आणि पहाटे तितकेच परत यावे, असा हा नित्यक्रम. एवढा प्रवास ठरला की शरीरातील बाकी गोष्टी आपोआप ठरत जातात. बहुतेक मासे अंगातील वाताशयाच्या, म्हणजे हवेच्या पिशवीच्या, जोरावर तरंगतात. परंतु ५०० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या सुमारे ५१ पट असतो. तेथून वर येताना पिशवीतील हवा कित्येक पटींनी फुगेल. म्हणून पेवमाशाला हवेऐवजी चरबी द्यावी. चरबी पाण्याहून हलकी असते आणि दाबाने फारशी आकसत नाही. दात, भाले, जाड खवले यांतले काही देऊ नये. वजन वाढले की रोजचा प्रवास महागतो आणि श्वासही महागतो. कल्ले मोठे हवेत, स्नायू मोजके. डोळे मात्र मोठे, कारण त्या खोलीवर सूर्याचा अगदी क्षीण निळसर प्रकाश उरतो. लाल रंग तर वरच्या काही मीटरांतच नाहीसा होतो. मुलीने हौसेने मासा लाल रंगवला असेल तर तो तेथे काळाच दिसेल, आणि काळे दिसणे तेथे हिताचेच आहे.

वरच्या क्षीण उजेडावर खालून पाहणाऱ्याला माशाची सावली दिसते. ती पुसण्यासाठी पोटावर प्रकाशाचे बारीक ठिपके द्यावेत; ते वरच्या उजेडाइतकेच मंद तेवले की सावली विरून जाते. भाषेचा प्रश्नही त्यातच सुटतो. कोकणातील घोळ आणि ढोमा हे मासे वाताशयाभोवतीचे स्नायू वाजवून आवाज काढतात. पेवमाशाकडे हवेची पिशवीच नाही, तेव्हा तो मुका. पण कुशीवरील दिव्यांची मांडणी जातीजातीला निराळी ठेवली तर अंधारात आपला कोण आणि परका कोण हे ओळखता येते. त्याची भाषा उजेडाची.

एवढे झाल्यावर कोणी ज्ञानकोश उघडला तर मुलीला कळेल की तिचा मासा आधीच अस्तित्वात आहे. लँटर्नफिश, म्हणजे कंदीलमासे, या कुळात सुमारे २५० जाती आहेत. त्यांतील कित्येक रोज असाच प्रवास करतात, आणि त्यांतील एक बोटभर जात अरबी समुद्रात प्रचंड संख्येने राहते. दुसऱ्या महायुद्धात सोनार यंत्राने समुद्राचा तळ शोधणाऱ्यांना एक थर रात्री वर येताना आणि दिवसा खाली जाताना दिसला आणि ते चक्रावले. तळ कधी वर-खाली होतो? तो थर अशाच माशांचा आणि त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या इतर जीवांचा होता. गृहपाठाला म्हणून काही उणेपण येत नाही. जागेचे प्रश्न प्रामाणिकपणे विचारले की उत्तर खऱ्या माशाच्या जवळ पोहोचते, हीच तर त्या उपक्रमाची खूण.

उलटही घडले आहे. अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब १५ ऑगस्ट १९३४ रोजी बर्म्युडाजवळ पोलादी गोळ्यात बसून ९२३ मीटर खाली उतरले. त्या काळापर्यंत इतक्या खोलवरून जिवंत परत आलेला माणूस नव्हता. त्या काळातील त्यांच्या बुड्यांत खिडकीतून दिसलेल्या काही माशांचे त्यांनी वर्णन केले, त्यांना शास्त्रीय नावेही दिली. त्यांतील चार मासे त्यानंतर आजतागायत कोणालाही दिसलेले नाहीत. ते खरेच होते, की काचेपलीकडच्या क्षणभराच्या उजेडात डोळ्यांनी अर्धे पाहिले आणि उरलेले मनाने भरले, याचा निकाल लागलेला नाही.

मन ही सहावी पर्याप्ती. शाळेच्या गृहपाठात तिला जागा नसते. जैन ग्रंथकारांनी मात्र मासा वर्णिला तेव्हा सारा भर तिच्यावरच दिला. जागेचा विचार त्यांनी केला नाही असे नाही. दिगंबर ग्रंथांत लवण समुद्रातील मत्स्य नदीमुखाशी नऊ योजने आणि मध्यभागी अठरा योजने लांब सांगितले आहेत. कालोद समुद्रात अठरा आणि छत्तीस. अखेरच्या स्वयंभूरमण समुद्रात काठाशी पाचशे आणि मध्यभागी हजार. काठाच्या पाण्याला लहान देह, खोल पाण्याला दुप्पट, हा मेळ तिन्ही समुद्रांत पाळलेला आहे. श्वेतांबर परंपरेत तर असे सांगितले जाते की स्वयंभूरमणात नाना आकारांचे मत्स्य आहेत. त्यांतील जिनप्रतिमेच्या आकाराचा मत्स्य पाहून इतरांना पूर्वजन्माचे स्मरण होते आणि ते जलचर असूनही व्रते पाळू लागतात. असा आकार कोणत्याही मुलाच्या चित्रवहीत आलेला नसेल.

परंतु सर्वांत परिचित आहे तो तांदूळ मत्स्य. आचार्य कुंदकुंदांच्या भावपाहुडात त्याचा शालिसिक्थ म्हणून उल्लेख येतो. देह तांदळाच्या दाण्याएवढा. राहण्याची जागा दिगंबर कथेप्रमाणे महामत्स्याच्या कानात, श्वेतांबर कथेप्रमाणे त्याच्या पापणीत. महामत्स्य तोंड उघडे टाकून पडलेला असतो आणि असंख्य लहान जीव त्याच्या मुखातून आत-बाहेर करत असतात. तो त्यांना गिळत नाही. दाण्याएवढा मासा ते पाहतो आणि मनात म्हणतो, माझा देह एवढा असता तर यांतील एकही सुटला नसता. त्याच्या हातून एकही जीव मरत नाही; मारण्याची शक्तीच त्याला नाही. तरी त्या भावाने तो सातव्या नरकात जातो. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने त्याची रचना पाहिली तर तीही चुकीची नाही. मोठ्या माशाच्या देहाला चिकटून किंवा त्याच्या तोंडाशी-कल्ल्यांशी वावरून जगणारे लहान मासे आजच्या समुद्रात आहेत. मात्र ग्रंथकारांना हवे होते ते वेगळे. ज्याच्या देहाला हिंसा शक्यच नाही असा जीव त्यांनी समोर ठेवला, म्हणजे उरलेले सारे ओझे भावावर पडले.

आजच्या काळात याची दुसरी बाजू डोळ्यांसमोर येते. तांदूळ मत्स्याच्या मनात सारे होते आणि हातून काही घडले नाही. सांगलीजवळ मार्च २०२३ मध्ये कृष्णेच्या पात्रात मेलेल्या माशांचा खच तरंगला, तेव्हा मासे मारावेत असे बहुधा कोणाच्याही मनात नव्हते.

असे कसे घडते हे पेवमासा रचलेल्या मुलीला सांगावे लागत नाही, कारण ते वाक्य तिने आधीच लिहिलेले आहे. कुजणे प्राणवायू खाते. मळीचे, आसवनीचे किंवा शहराच्या गटारांचे शुद्ध न केलेले सांडपाणी नदीत शिरले की त्यातील सेंद्रिय द्रव्य जंतू खाऊ लागतात आणि त्या कामात पाण्यातील प्राणवायू संपवतात. उन्हाळ्याच्या तोंडी नदीत पाणी थोडे, प्रवाह मंद, आणि पाणी जितके कोमट तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. तेव्हा हे फार लवकर होते. एका लिटर पाण्यात पाच मिलिग्रॅम प्राणवायू असेपर्यंत बहुतेक मासे सुखाने राहतात. दोनच्या खाली गेले की पृष्ठभागावर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. अरबी समुद्रातील पट्ट्यात याहून कमी प्राणवायूवर मासे जगतात, मग नदीतले का मरतात, असा प्रश्न मुलीने विचारला तर तो योग्यच आहे. तो पट्टा फार जुना आहे. त्यात राहणाऱ्यांच्या असंख्य पिढ्यांनी कल्ले, रक्त आणि हालचाल त्या पाण्याशी जुळवत आणली. कृष्णेतील माशाला तेच पाणी एका रात्रीत मिळते. मरळासारखा एखादा हवा घेऊन काही काळ काढू शकेल. महाशीराकडे आणि मळ्याकडे तसा उपाय नाही. त्यांची सारी जमवाजमव वाहत्या, प्राणवायूने भरलेल्या पाण्यासाठी झालेली आहे.

उपासकदशांग सूत्रात श्रावकाने टाळावयाचे पंधरा व्यवसाय सांगितले आहेत. त्यांना कर्मादान म्हणतात. अंगारकर्म, वनकर्म, विषवाणिज्य ही त्यांतील नावे व्यापारी घरांत अजून ऐकू येतात. त्याच यादीत सरोवर, डोह आणि तलाव कोरडे करण्याचा व्यवसायही आहे. त्या काळी धान्य पेरण्यासाठी किंवा अन्य कामासाठी जलाशय उपसून काढले जात. पाणी गेले की त्यातील जलचर तडफडून मरत, आणि ते डोळ्यांना दिसे. त्यामुळे असा धंदा कोणी करत असेल तर त्याला आपण काय करत आहोत हे कळण्यावाचून राहत नसे. नदीत सांडपाणी सोडण्यात ती सोय नाही. पाणी तेथेच राहते, काठोकाठ. फक्त त्यातील श्वास निघून जातो. जो सोडतो तो जाळे टाकत नाही, गळ लावत नाही, मासा खातही नाही. कारखाना ज्याचा आहे त्याने तर अनेकदा ती नदी त्या दिवशी पाहिलेलीही नसते. साखर, मळी, रसायने, कापड, दूध या सर्व धंद्यांत आज जैन घराणी आहेत, मालक म्हणून, पुरवठादार म्हणून, ठेवीदार म्हणून. पंधरा कर्मादानांची यादी स्वाध्यायात वाचताना तलाव-शोषणाच्या नावापाशी थांबून सांडपाण्याच्या नळीचे तोंड कोठे उघडते हे विचारले, तर तो विषयांतराचा प्रश्न ठरू नये.

इतके सारे शाळेच्या पंधरा ओळींत मावणार नाही, आणि मुलीने ते त्यात कोंबूही नये. तिचा पेवमासा पुरेसा आहे: काळसर, मऊ, मोठ्या डोळ्यांचा, पोटावर दिव्यांची रांग. चित्राखाली सहा प्रश्नांची उत्तरे लिहून झाली की कागदाच्या उरलेल्या जागेत त्याचे पाणी काढावे. खोली मीटरमध्ये, क्षार ग्रॅममध्ये, प्राणवायू मिलिलिटरमध्ये. शाळा सहसा मासा रंगवायला सांगते आणि पाणी निळ्या पेन्सिलीने भरून टाकायला सांगते. वेळ मिळाला तर तिने शेजारच्या पानावर सांगलीच्या घाटाजवळची कृष्णाही तशीच काढून पाहावी, मार्चमधली आणि सप्टेंबरमधली, दोन्ही आकड्यांसह.